ग्रंथप्रेमींच्या हाती वाढलेले ग्रंथालय : कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची वाटचाल

कोलकात्याच्या अलिपूर भागात बेल्व्हेडेअर या जुन्या राजवाड्याच्या आवारात भारताचे राष्ट्रीय ग्रंथालय आहे. त्यातील ग्रंथसंख्या वीस लाखांहून अधिक असून या मोजमापाने ते देशातील सर्वांत मोठे ग्रंथालय ठरते. संस्थेची मुळे १८३६ पर्यंत जातात. तेव्हापासून आजपर्यंत तिचे नाव दोनदा बदलले, इमारती त्याहून अधिक वेळा बदलल्या आणि मालकी वर्गणीदारांकडून सरकारकडे गेली. इतक्या स्थित्यंतरांतून ग्रंथसंग्रह टिकला आणि वाढला, याचे मोठे श्रेय त्याच्या कारभाराची सूत्रे वेळोवेळी हाती घेणाऱ्या माणसांना द्यावे लागते. त्यांपैकी काही जण आधी निस्सीम वाचक होते आणि मग ग्रंथपाल झाले. त्यांच्या लेखी ग्रंथालयातील नोकरी हा आवडीच्या कामाचाच पुढचा टप्पा होता. या संस्थेच्या इतिहासातील सर्वांत जिवंत पाने अशा माणसांच्या कारकिर्दीची आहेत.

कोलकात्यात सार्वजनिक ग्रंथालय असावे ही कल्पना ‘इंग्लिशमन’ या वृत्तपत्राचे संपादक स्टॉकेलर यांनी पुढे आणली. ३१ ऑगस्ट १८३५ रोजी टाऊन हॉलमध्ये नागरिकांची सभा भरली, तीत ग्रंथालय काढण्याचे ठरले आणि पुढच्या वर्षी कलकत्ता पब्लिक लायब्ररी सुरू झाली. तीनशे रुपये एकरकमी किंवा हप्त्यांनी भरणारा संस्थेचा मालक-सभासद गणला जाई. पहिले असे सभासद म्हणजे रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ ठाकूर. तीनशे रुपये ही त्या काळी लहान रक्कम नव्हती. तरीही गरीब विद्यार्थ्यांना ठरावीक मुदतीसाठी विनामूल्य वाचायला मिळावे अशी सोय प्रारंभापासून ठेवलेली होती, आणि संस्थेच्या पुढच्या प्रवासाच्या दृष्टीने हा छोटासा नियम फार मोलाचा ठरला. तत्कालीन हंगामी गव्हर्नर जनरल सर चार्ल्स मेटकाफ यांनी फोर्ट विल्यम कॉलेजच्या संग्रहातील ४,६७५ ग्रंथ या ग्रंथालयाकडे सोपवले. संग्रहाचा पाया या ग्रंथांनी घातला. याच कॉलेजात विल्यम कॅरी बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवत होते. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्यांनी रचलेले मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला छापले गेले. मराठी मुद्रणाच्या आरंभकाळाशी नाते असलेल्या विद्यापीठीय परंपरेतून राष्ट्रीय ग्रंथालयाची पहिली कपाटे भरली, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पहिली काही वर्षे ग्रंथालय एस्प्लनेडवरील डॉ. स्ट्राँग यांच्या घरात तळमजल्यावर होते. १८४१ मध्ये ते फोर्ट विल्यम कॉलेजच्या जागेत गेले आणि १८४४ मध्ये हुगळीच्या काठी नव्याने उभ्या राहिलेल्या मेटकाफ हॉलमध्ये स्थिरावले. वृत्तपत्रांवरील बंधने उठवणाऱ्या मेटकाफ यांच्या गौरवार्थ वर्गणी काढून ही इमारत बांधण्यात आली. ग्रीक धाटणीचे तीस उंच स्तंभ तिच्या चारी बाजूंनी आहेत. तळमजला कृषी व उद्यानविद्या मंडळाकडे आणि वरचा मजला ग्रंथालयाकडे अशी वाटणी होती.

या वरच्या मजल्याचा प्राण होते प्यारीचंद मित्र. १८१४ मध्ये जन्मलेले प्यारीचंद हिंदू कॉलेजचे विद्यार्थी आणि तिथले शिक्षक डिरोझिओ यांच्या प्रभावाखाली वाढलेल्या तरुण पिढीतील एक. ग्रंथालय उघडले त्याच वर्षी ते उपग्रंथपाल म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस होते. १८४८ मध्ये ते ग्रंथपाल झाले, पुढे सचिवपदही त्यांच्याकडे आले आणि सुमारे तीन दशके ते संस्थेशी बांधलेले राहिले. पुढे ते व्यापारात उतरले, आयात-निर्यातीची स्वतःची पेढी त्यांनी चालवली आणि त्यात नाव कमावले, तरी ग्रंथालयाशी असलेले त्यांचे नाते तुटले नाही. पैशांसाठी त्यांना या नोकरीची गरज राहिली नव्हती. पुस्तकांच्या सहवासाची ओढ हेच त्यांच्या इतक्या दीर्घ सेवेचे खरे कारण मानावे लागते.

या सहवासाचे फळ त्यांच्या लेखनात दिसते. ‘कलकत्ता रिव्ह्यू’मध्ये १८४६ साली त्यांनी जमीनदार आणि रयत यांच्या संबंधांवर लिहिलेला लेख गाजला. १८३८ मध्ये स्थापन झालेल्या ज्ञानार्जन सभेचे ते एक सचिव होते. तळमजल्यावरच्या कृषी मंडळाच्या कामात त्यांनी मनापासून भाग घेतला आणि शेतीवरचे इंग्रजी लेखन बंगालीत आणले. वरच्या मजल्यावरची विद्या खालच्या मजल्यामार्फत शेतकऱ्यांपर्यंत नेण्याचा हा प्रयत्न त्या काळात विरळा होता. १८५४ मध्ये राधानाथ शिकदार यांच्यासह त्यांनी ‘मासिक पत्रिका’ काढली. स्त्रियांना आणि साध्या वाचकांना समजेल अशी बोलीच्या जवळची बंगाली लिहायची, हा तिचा हेतू होता. तीतूनच ‘टेकचंद ठाकूर’ या टोपणनावाने ‘आलालेर घरेर दुलाल’ ही कादंबरी क्रमशः आली आणि १८५८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. बंगाली कादंबरीचा आरंभ सांगताना तिचे नाव टाळता येत नाही. बंकिमचंद्रांनीही तिची थोरवी मान्य केली. इंग्रजी ग्रंथांनी भरलेल्या दालनात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवणाऱ्या माणसाने घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत लिहायला घेतले. आपल्या वाचनाचा इतका उदार उपयोग फार थोड्या ग्रंथपालांनी केला असेल.

ग्रंथालयातील वाचकांची आवड कशी होती, हे त्याच्या वार्षिक अहवालांतून कळते. कादंबऱ्यांना मागणी सर्वाधिक असे. स्कॉट, बुलवर-लिटन आणि विशेषतः रेनॉल्ड्स हे लेखक वाचकांना प्रिय होते. रेनॉल्ड्सचा हाच प्रभाव मुंबई-पुण्याकडेही होता आणि हरि नारायण आपटे यांची ‘मधली स्थिती’ ही कादंबरी त्याच्याच कथेच्या आधाराने लिहिली गेली. गंभीर ग्रंथांचा कैवार घेणाऱ्यांना कादंबऱ्यांची ही मागणी खटके, परंतु एकोणिसाव्या शतकातील भारतीय कादंबरीची बीजे देवघेवीच्या अशाच नोंदींमध्ये शोधावी लागतात.

प्यारीचंद यांच्यानंतर संस्थेला उतरती कळा लागली. वर्गणीदार घटले, नव्या खरेदीला पैसा उरेना, आणि बंगालच्या दमट हवेत देखभालीअभावी पुस्तके खराब होऊ लागली. कोलकाता नगरपालिकेने कारभारात भाग घेतल्यावर काही सुधारणा झाली. १८९० च्या सुमारास बिपिनचंद्र पाल काही काळ येथे ग्रंथपाल होते. लाल-बाल-पाल या त्रयीतील हे पाल पुढे राजकारणात गेले आणि ग्रंथालयाच्या वाट्याला त्यांचा सहवास थोडाच आला.

दरम्यान सरकारी पातळीवर दुसरे एक ग्रंथालय आकाराला येत होते. १८९१ मध्ये कोलकात्यातील निरनिराळ्या सचिवालयीन संग्रहांचे एकत्रीकरण करून इंपीरियल लायब्ररी स्थापन झाली. गृहखात्याचा संग्रह त्यांत सर्वांत मोलाचा होता. मात्र तिचा वापर वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरता मर्यादित होता. एकीकडे सर्वांसाठी खुले पण दुबळे झालेले ग्रंथालय, दुसरीकडे समृद्ध पण बंद दारांचे ग्रंथालय, अशी स्थिती व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांना दिसली. त्यांनी दोन्ही एकत्र करण्याचा निर्णय घेतला. जुन्या मालक-सभासदांचे हक्क सरकारने विकत घेतले, त्यासाठी १९०२ मध्ये कायदा करण्यात आला, आणि ३० जानेवारी १९०३ रोजी मेटकाफ हॉलमध्ये नवी इंपीरियल लायब्ररी जनतेसाठी खुली झाली. भारताविषयी कोणत्याही काळी लिहिला गेलेला प्रत्येक ग्रंथ जिथे पाहायला आणि वाचायला मिळेल, भावी इतिहासकारांना जिथे साधने सापडतील, असे संदर्भ ग्रंथालय घडवण्याचा संकल्प सरकारने त्या वेळी जाहीर केला. कर्झन यांच्या बंगालविषयक धोरणाने पुढे देश पेटला, पण हा त्यांचा निर्णय निःसंशय दूरदृष्टीचा होता.

ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयातून आलेले जॉन मॅकफार्लेन हे पहिले ग्रंथपाल. तालिकांची शिस्त त्यांनी लावली. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९०७ मध्ये त्यांच्या जागी हरिनाथ डे यांची नेमणूक झाली. इंपीरियल लायब्ररीचे ते पहिले भारतीय ग्रंथपाल होत.

हरिनाथांचा जन्म १८७७ चा. वडील भूतनाथ डे रायपूरला वकिली करीत, त्यामुळे हरिनाथांचे बालपण मध्य प्रांतात गेले. भाषा शिकण्याची त्यांची भूक लहानपणीच दिसू लागली होती. कोलकाता विद्यापीठातून लॅटिनमध्ये प्रथम श्रेणी मिळवून ते केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात गेले, तिथे ग्रीक-लॅटिनच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आले आणि भारतीय शिक्षण सेवेत निवड झालेले पहिले भारतीय म्हणून १९०१ मध्ये परतले. ढाका आणि कोलकात्यात प्राध्यापकी केल्यावर ते हुगळी कॉलेजचे प्राचार्य झाले. संस्कृत, पाली, अरबी, फारसी, तिबेटी, चिनी यांपासून युरोपातील बहुतेक प्रमुख भाषांपर्यंत त्यांचा संचार होता. त्यांना अवगत असलेल्या भाषांची संख्या चौतीस सांगितली जाते. इब्न बतूताच्या प्रवासवर्णनातील बंगालचा भाग त्यांनी १९०४ मध्ये अरबीतून इंग्रजीत आणला. ‘तारीख-इ-नुस्रतजंगी’ हा ढाक्याच्या इतिहासावरील फारसी ग्रंथ १९०८ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केला, तो ग्रंथपालाचे काम सांभाळूनच.

अशा माणसाला प्राध्यापकीपेक्षा ग्रंथपालाची जागा अधिक मानवली, यात नवल नाही. जगातल्या कोणत्याही भाषेतील ग्रंथ हाती आला तरी त्याचे मुखपृष्ठ वाचून, विषय ओळखून, योग्य जागी लावण्याची त्यांची पात्रता होती. अनेक लिप्यांतील पुस्तके बाळगणाऱ्या ग्रंथालयात ही पात्रता किती कामाची, हे दाखलनोंदी करणारा कोणीही सांगू शकेल. लिपी ओळखता न आल्याने नोंदीवाचून पडून राहिलेले पुस्तक वाचकाच्या दृष्टीने ग्रंथालयात नसल्यासारखेच असते. स्वतःच्या मिळकतीचा मोठा वाटा हरिनाथ पुस्तके आणि हस्तलिखिते विकत घेण्यात घालवीत, आणि अभ्यासकांना दुर्मीळ साधने मिळवून देण्यात त्यांना स्वतःच्या संशोधनाइतकाच रस होता. त्यांच्या नावावर पूर्ण झालेले ग्रंथ तुलनेने थोडे आहेत. याचे एक कारण त्यांचे अल्पायुष्य आणि दुसरे त्यांचा स्वभाव. एक भाषा हस्तगत होताच पुढची खुणावू लागे. ३० ऑगस्ट १९११ रोजी वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. कवी सत्येंद्रनाथ दत्त यांनी त्यांच्यावर लिहिलेल्या कवितेत त्यांच्या चितेत अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय पुन्हा जळताना पाहिले. त्यांचा वैयक्तिक संग्रह मृत्यूनंतर विखुरला, आणि ग्रंथालयाच्या इतिहासातील ही हानी भरून आली नाही.

याच काळात ग्रंथालयाच्या मंडळाच्या अध्यक्षपदी आणखी एक असामान्य ग्रंथप्रेमी होता. गणितज्ञ, उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि कोलकाता विद्यापीठाचे कुलगुरू सर आशुतोष मुखर्जी १९१० पासून मंडळाची धुरा सांभाळत होते. घरी त्यांनी जमवलेला संग्रह ऐंशी हजारांच्या आसपास होता. गणित आणि कायद्यापासून इतिहास व साहित्यापर्यंत ज्ञानाची क्वचितच एखादी शाखा त्यात नसेल. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कुटुंबीयांनी तो सारा संग्रह १९४९ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाला दिला आणि तो आजही स्वतंत्र विभाग म्हणून जपला जातो. त्याआधी १९०४ च्या सुमारास बरद्वान जिल्ह्यातील बुहार येथील अरबी-फारसी हस्तलिखितांचा कौटुंबिक संग्रह इंपीरियल लायब्ररीला मिळाला होता. घरोघरच्या कपाटांतून सार्वजनिक दालनात ग्रंथ येण्याची ही रीत पुढेही चालू राहिली.

हरिनाथांनंतर जे. ए. चॅपमन आणि १९३० पासून खान बहादूर के. एम. असदुल्ला ग्रंथपाल झाले. १९२३ मध्ये ग्रंथालय मेटकाफ हॉलमधून एस्प्लनेडवरील सरकारी इमारतीत हलले. देशात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कायद्याने या ग्रंथालयाला मिळावी, अशी शिफारस सरकारने नेमलेल्या रिची समितीने १९२६ मध्ये केली, पण ती तेव्हा कागदावरच राहिली. असदुल्ला यांचे लक्ष मुख्यतः ग्रंथालयीन शिक्षणावर होते. १९३३ मध्ये कोलकात्यात अखिल भारतीय ग्रंथालय परिषद भरून भारतीय ग्रंथालय संघ स्थापन झाला आणि ते त्याचे पहिले सचिव झाले. १९३५ मध्ये इंपीरियल लायब्ररीत ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात सरकारला इमारत हवी झाल्याने ग्रंथ चित्तरंजन अव्हेन्यूवरील जबाकुसुम हाउसमध्ये न्यावे लागले. १९४७ मध्ये असदुल्ला पाकिस्तानात गेले.

स्वतंत्र भारतातील पहिले ग्रंथपाल बेल्लारी शामण्णा केशवन. १९०९ मध्ये जन्मलेले केशवन मूळचे इंग्रजीचे अध्यापक. म्हैसूरला शिकवताना जडलेली वाचनाची गोडी त्यांनी प्रशासनाच्या रेट्यातही टिकवली. १९४८ च्या कायद्याने इंपीरियल लायब्ररीचे नामकरण राष्ट्रीय ग्रंथालय असे झाले आणि बेल्व्हेडेअरची वास्तू तिला मिळाली. बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांचे आणि नंतर व्हाइसरॉयांच्या हिवाळी मुक्कामाचे हे निवासस्थान. मेजवान्या आणि दरबार भरत त्या दालनांत आता कपाटे आणि वाचकांची मेजे मांडायची होती. लाखो ग्रंथ शहराच्या एका टोकाकडून दुसरीकडे नेऊन, क्रम न बिघडवता पुन्हा लावण्याचे काम केशवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार पाडले. इंपीरियल लायब्ररी खुली झाल्याला पन्नास वर्षे होत असताना, १ फेब्रुवारी १९५३ रोजी शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या हस्ते बेल्व्हेडेअरमधील ग्रंथालय जनतेसाठी उघडले.

जागेपेक्षाही मोठा बदल संग्रहाच्या स्वरूपात झाला. ब्रिटिश काळात भारतीय भाषांतील पुस्तकांकडे फारसे लक्ष दिले गेले नव्हते. केशवन यांच्या काळात भाषावार विभाग उभे राहिले, त्या त्या भाषेचे जाणकार नेमले गेले आणि मराठी विभागाचीही घडी बसली. १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा झाल्याने रिची समितीची जुनी शिफारस अखेर प्रत्यक्षात आली. प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला स्वखर्चाने पाठवावी असे बंधन त्याने घातले आणि १९५६ मध्ये वृत्तपत्रे व नियतकालिकेही त्याच्या कक्षेत आली. पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात छापलेले मराठी पुस्तक तेव्हापासून कायद्यानेच कोलकात्याला जाऊ लागले. मुंबईत हाच मान एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलमधील राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला मिळाला.

जमा झालेल्या पुस्तकांची देशव्यापी नोंद करणारी ‘इंडियन नॅशनल बिब्लिओग्राफी’ १९५८ मध्ये सुरू झाली. चौदा भाषांतील ग्रंथांच्या नोंदी एकाच क्रमात लागाव्यात म्हणून त्या रोमन लिपीत, उच्चारचिन्हांसह छापण्याचे ठरले. त्यामुळे एखाद्या विषयावर तमिळ, बंगाली आणि मराठीत काय लिहिले गेले, हे प्रथमच एका पानावर दिसू लागले. साहित्य अकादमीसाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील भारतीय साहित्याची सूचीही केशवन यांनी व्ही. वाय. कुलकर्णी यांच्यासह संपादित केली. सूची करणे हे बाहेरून रुक्ष वाटणारे काम आहे. प्रत्येक पुस्तक हाती घेऊन, त्याचे नाव, कर्ता, आवृत्ती आणि विषय तपासण्यातला आनंद ज्याला कळतो, त्यालाच ते वर्षानुवर्षे करता येते. केशवन यांना तो कळला होता. निवृत्तीनंतर त्यांनी भारतातील मुद्रण व प्रकाशनाचा इतिहास तीन खंडांत सिद्ध केला. त्याचा पहिला खंड १९८५ मध्ये आला आणि शेवटचा प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांनी पंचाऐंशी ओलांडली होती. २००० साली त्यांचे निधन झाले.

विद्वानांचे खासगी संग्रह देणग्यांच्या रूपाने येतच राहिले. सर तेजबहादूर सप्रू, तमिळ पंडित वैयापुरी पिळ्ळै यांच्या संग्रहांबरोबर मराठ्यांच्या इतिहासाच्या दृष्टीने दोन संग्रहांचा विशेष उल्लेख करावा लागेल. पहिला सर जदुनाथ सरकार यांचा. रियासतकार गो. स. सरदेसाई यांचे हे आयुष्यभराचे स्नेही मराठी शिकले होते, आणि औरंगजेब, शिवाजी व उत्तर मोगल काळ यांसाठी त्यांनी देशोदेशीच्या फारसी कागदांच्या नकला जमवल्या होत्या. दुसरा संग्रह डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांचा. सभासदाच्या बखरीचे इंग्रजी भाषांतर करणारे आणि मराठ्यांच्या राज्यकारभारावर १९२३ मध्ये ग्रंथ लिहिणारे सेन हे मराठेशाहीचे अव्वल अभ्यासक. मराठ्यांच्या इतिहासावर काम करणाऱ्याला पुण्याच्या पेशवे दप्तराइतकीच बेल्व्हेडेअरचीही वाट धरावी लागते ती या दोघांमुळे.

ग्रंथसंख्या वाढत गेली तशी राजवाड्याची दालने अपुरी पडू लागली. आवारात नव्या इमारती उठल्या, आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेल्या भाषा भवनात मुख्य संग्रह व वाचनकक्ष हलवण्यात आले. बेल्व्हेडेअरची मूळ वास्तू जतनाच्या कामासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे सोपवली गेली. मराठीसह भारतीय भाषांचे विभाग, आशुतोष संग्रह, दुर्मीळ ग्रंथांचा विभाग आणि वृत्तपत्रे यांची सेवा वाचकांना मिळते. जुन्या व नाजूक ग्रंथांच्या डिजिटल प्रती करण्याचे काम चालू असून ग्रंथप्रदान कायद्यानुसार देशभरातून येणाऱ्या पुस्तकांची नोंद होत आहे.